अम्माचा अंगठा आणि आमचा दवाखाना

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घरापासून पाच मिनिटांवर हा दवाखाना आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. डॉक्टर एमबीबीएस, वीस वर्षांपासून आमचे. सुई टोचायची हौस नाही, उगाच सलाईन मागितलं तर रागावतात. नेहमीच्या तपासणीबद्दल एवढं पुरे.

गेल्या वर्षी इथे बीपीच्या गोळ्यांचा अभ्यास सुरू झाला. डॉक्टरांनी अम्माला विचारलं. अम्माचा जन्म विड्या वळण्यात गेला, अक्षरओळख नाही, घरात तेलुगू. ती लगेच म्हणाली, "तुम्ही सांगाल तिथं अंगठा देते." मला तिथेच धास्ती वाटली. वीस वर्षांच्या डॉक्टरला नाही कसं म्हणणार? पण त्यांनी अंगठा घेतलाच नाही. "अम्मा, घरी जा, लेकीशी बोला. नाही म्हणालात तरी गोळ्या माझ्याकडूनच मिळतील," म्हणाले.

माहितीपत्रक मराठीत होतं, आणि मराठी तरी कसलं! 'यादृच्छिक वाटप' म्हणजे चिठ्ठी टाकून कोणाला कोणती गोळी ते ठरवणं, हे मलाच विचारावं लागलं. मी म्हटलं, तुम्हीच तेलुगूत सांगा ना. ते म्हणाले, "तो माझा अर्थ झाला. कागदच तेलुगूत हवा, आणि तोही एथिक्स कमिटीने मंजूर केलेला." ही कमिटी म्हणजे अभ्यासात येणाऱ्या माणसांचं भलंबुरं तपासून परवानगी देणारी मंडळी. दवाखान्याची स्वतःची कमिटी नाही. औषधांच्या चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली दुसरी चालते. कागद यायला तीन आठवडे लागले. मग समोरच्या शिलाईवाल्या मावशी साक्षीदार बसल्या, कारण वाचता न येणाऱ्यासाठी बाहेरचा माणूस लागतो. मी मुलगी, म्हणून मी नको. कागद वाचून दाखवला, मग अंगठा, आणि एक प्रत अम्माच्या हातात.

तोवर गल्लीत "डॉक्टर माणसांवर प्रयोग करतोय" सुरू झालं होतं. मी तोंडावरच विचारलं, तुम्हाला किती मिळतात? पेशंटमागे पैसे मिळतात, असं त्यांनी सरळ सांगितलं. भाच्याने मोबाईलवर सीटीआरआयच्या सरकारी नोंदवहीत अभ्यासाचा नंबर टाकून पाहिला, नोंद सापडली. २००९ पासून औषधांच्या अशा चाचण्यांची नोंद तिथे सक्तीची आहे.

मोठ्या हॉस्पिटलात हे का करत नाहीत, हेही विचारून घेतलं. तिथे पोचतो तो आधीच खाटेवर पडलेला, चालत्याफिरत्या बीपीवाल्याला तिथे कोण नेणार, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी उदाहरणही दिलं: बीपीची गोळी सकाळी घ्यावी की रात्री, हे विलायतेत २१,१०४ जणांवर तपासलं, सगळे घरीच, नेहमीच्याच गोळ्या घेणारे. २०२२ मध्ये निकाल छापला, फरक काही नाही. अम्मा त्यावर म्हणाली, मग आठवेल तेव्हा घेते. डॉक्टर हसले, पण "रोज एकाच वेळी" हे बजावलंच.

आता तक्रारी. बीपी मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, तेही अभ्यासाच्या सोमवारी, चाळीस माणसांत. कुणाचं पोर रडतंय, बाहेर रिक्षांचे हॉर्न. ते आकडे कितपत खरे, देव जाणे. रिक्षाभाडं देऊ म्हणाले होते, मिळालं दोन महिन्यांनी. टिपणं घेणारी मुलगी तीनदा बदलली. प्रत्येक वेळी अम्माला पहिल्यापासून पाढा: वय किती, विड्या किती वर्षं वळल्या. नेहमीचे पेशंट ताटकळतात ते वेगळंच.

चौथ्या महिन्यात अम्मा धाकट्या लेकीकडे हैदराबादला निघाली. अभ्यास सोडते म्हणाली. डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं नाही, का म्हणून खोदून विचारलं नाही. बीपी मोजून लिहिलं, औषधांची जुनी चिठ्ठी नव्याने लिहून दिली. परत आल्यावर त्याच बाकावर, त्याच फीमध्ये तपासलं.

तुम्हाला विचारलं तर कागद घरी घेऊन या, निदान एक रात्र ठेवा. नुसतं तपासून घ्यायचं असेल तर सोमवार टाळा, गुरुवारी संध्याकाळी सातनंतर गर्दी नसते.