1971ची विक्रांत आणि स्की-जंप? स्मृतिमग आणि ताटलीचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात या मगाच्या सोनेरी कडेने मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडवल्या, म्हणून शेवटी लिहायला बसलो. खोक्यावर नाही, मगाच्या बुडाशी नाही, सूचना कुठेच नाही. ही कड म्हणजे धातूचाच पातळ थर असतो, एवढं विकणाऱ्याला ठाऊक असायला हवं. तक्रार केली तर उत्तर आलं, "सर, ही शोभेची वस्तू आहे." शोभेच्या वस्तूला कान कशाला लावलात?

असो. माझं खरं दुखणं वेगळंच आहे. ताटलीवर ठळक '1971', त्याखाली आपली जुनी विमानवाहू नौका विक्रांत, आणि तिच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, विमानांच्या उड्डाणासाठी वर उचललेला उतार. स्की-जंप! अहो, तो बसवला ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, सी हॅरिअर विमानांसाठी. 4 डिसेंबर 1971ला कॉक्स बझारवर हल्ला करणारी सी हॉक विमानं वाफेच्या कॅटापुल्टवरून (विमान पुढे भिरकावणाऱ्या यंत्रावरून) सुटली होती आणि तेव्हा डेक पुढच्या टोकापर्यंत सपाट होता. चित्रकाराने नंतरच्या काळातला फोटो समोर ठेवला असणार. पाहुणे ताटलीचं कौतुक करतात आणि मी प्रत्येकाला हे सांगतो. बायको आता तेवढ्यापुरती आत निघून जाते.

छपाईबद्दल मात्र मत बदललंय. आधी वाटलं होतं, सब्लिमेशनचं (उष्णतेने शाई वरच्या लेपात मुरवण्याचं) काम असणार, वर्षभरात फिकं पडेल. पण बोट फिरवलं की चित्राची कड किंचित लागते. म्हणजे ग्लेझवर (काचेसारख्या लेपावर) डेकल, म्हणजे छापील चित्र, लावून पुन्हा भट्टीत भाजलंय, साधारण 800 अंशांना. रोज घासूनही जहाजाचा राखाडी रंग आणि 'जयेम सं युधि स्पृधः' हे बोधवाक्य जसंच्या तसं आहे. उडाली ती फक्त सोनेरी कड, तीही कानाच्या बाजूला, जिथे ओठ लागतच नाहीत. घासणी लागते.

मगाच्या आत ग्लेझला केसासारख्या बारीक भेगा पडल्यात आणि त्यात चहा मुरून तपकिरी जाळी दिसते. माती सच्छिद्र असली की ओल शोषून फुगते, वरचं ग्लेझ ताणलं जाऊन तडकतं. 1971 साली खुद्द विक्रांतच्या एका बॉयलरला तडे होते, तरी ती लढायला गेली, त्यामुळे यावर फार बोलत नाही. पण मग-ताटलीचे मिळून 1,400 रुपये मोजलेत. या पैशांत बोन चायना द्यायला काय हरकत होती?

बदलून काही दिलं नाही. नव्या विक्रांतच्या मगावर 10 टक्के सवलतीचं कूपन पाठवलं. 2 सप्टेंबर 2022ला कोचीत नौदलात आलेल्या त्या नौकेला स्की-जंप खरोखरच आहे, तेव्हा चित्र तरी बरोबर असेल. पण त्यालाही सोनेरी कड आहे. बिनकडेचा काढा, कूपनची मुदत वाढवा, घेतो.