राउटरला हार्ड डिस्क लावावी की वेगळी सोय करावी?

घरात हार्ड डिस्क एक आणि मागणारे चौघे. सासूबाईंना टीव्हीवर जुनी नाटकं बघायची असतात, मुलीला लॅपटॉपवर सहलीचे फोटो हवे असतात आणि डिस्क या खोलीतून त्या खोलीत फिरत राहते. मग राउटरच्या मागचा रिकामा यूएसबी पोर्ट दिसतो आणि वाटतं, इथेच लावून टाकू. माझं मत आधीच सांगते: बघण्यासाठी जरूर लावा, जपून ठेवण्यासाठी लावू नका.

बघण्यासाठी ही सोय खरंच छान आहे. राउटर चोवीस तास चालूच असतो, डिस्क घरातली, म्हणजे वेगळा खर्च नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये मीडिया सर्व्हर चालू केला की डीएलएनए (घरातल्या नेटवर्कवरून व्हिडिओ, फोटो दाखवण्याची पद्धत) समजणाऱ्या टीव्हीला डिस्क आपोआप दिसते. वेगही पुरतो. फुल एचडी चित्रपटाला साधारण ८ ते १० एमबीपीएस लागतात. यूएसबी २.० पोर्ट कागदावर ४८० एमबीपीएसचा असला तरी राउटरचा प्रोसेसर लहान, त्यामुळे प्रत्यक्षात सेकंदाला १० एमबी (मेगाबाइट) मिळाले तरी, एका बाइटमध्ये आठ बिट म्हणून, ते ८० एमबीपीएस (मेगाबिट) होतात. चित्रपट अडकणार नाही. मात्र त्याच वेगाने १०० जीबी डिस्कवर चढवायला पावणेतीन तास लागतात. म्हणून पहिला मोठा साठा डिस्क थेट कॉम्प्युटरला जोडूनच भरा. डिस्कचा फॉरमॅट, म्हणजे फाइली मांडण्याची पद्धत, एनटीएफएस ठेवा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि एक्सफॅट प्रत्येक राउटर वाचतोच असं नाही.

आता अडचणी. माझी अडीच इंची डिस्क राउटरला लावली तेव्हा दिवा लागला, आतून टिक्-टिक् आवाज आला आणि अर्ध्या मिनिटात सगळं गप्प. डिस्क फिरायला लागताना जास्त करंट ओढते आणि यूएसबी २.० पोर्टकडून ५०० मिलीअँपिअरच धरून चालायचं असतं. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब दोघांच्या मध्ये घातला, तेव्हा आवाज थांबला. पेन ड्राइव्हला हा त्रास नाही. यूएसबी ३.० ला ९०० मिलीअँपिअर मिळतात, पण त्याचा २.४ गीगाहर्ट्झच्या वायफायला अडथळा होऊ शकतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. केबल चांगली घ्या आणि डिस्क अँटेनापासून लांब ठेवा.

विंडोजला डिस्क दिसतच नसेल तर राउटर नेटवर्कवर फाइली वाटण्याच्या जुनाट एसएमबी १ पद्धतीवर अडकलेला असण्याची शक्यता मोठी. २०१७ मध्ये खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस याच एसएमबी १ मधल्या त्रुटीतून जगभर पसरला. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने एसएमबी १ विंडोजमधून काढत आणला. तो परत चालू करण्याचे उपाय कुणीही सांगेल, कृपया करू नका. आधी राउटरचं फर्मवेअर (त्याचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून बघा. तरीही जमलं नाही तर डिस्क फक्त टीव्हीपुरती ठेवा. बाहेरून इंटरनेटवरून डिस्क उघडण्याची सोय मात्र बंदच असू द्या.

जपून ठेवण्यासाठी नको म्हणते, त्याला कारण आहे. एका पावसाळ्यात राउटरच्या डिस्कवर फोटो चढत असताना लाइट गेले. परत आले तेव्हा भाचीच्या बारशाचं फोल्डर उघडेना. मूळ फोटो फोनमध्ये होते म्हणून वाचले.

टीव्ही एकच असेल आणि बघणारेही तेवढेच, तर डिस्क सरळ टीव्हीलाच लावा, राउटरच्या भानगडीत पडू नका. फोटो आणि कागदपत्रंही सगळ्यांसाठी ठेवायची असतील तर दोन वाटा आहेत. पहिली जुन्या लॅपटॉपची किंवा रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरची. पाय ४ मध्ये यूएसबी ३.० आणि गिगाबिट लॅन दोन्ही आहेत, त्यामुळे फाइली राउटरपेक्षा कितीतरी लवकर जातात. त्यावर सांबा (फाइली वाटणारं सॉफ्टवेअर) आणि जेलीफिन (चित्रपट दाखवणारं सॉफ्टवेअर) बसवायला एक रविवार लागेल. लॅपटॉपची बॅटरी धड असेल तर लाइट गेले तरी लिहिणं मध्येच तुटत नाही, म्हणून मला तोच जास्त आवडतो. शिवाय राउटर फाइल आहे तशी टीव्हीकडे पाठवतो. टीव्हीला डीटीएस हा आवाजाचा प्रकार कळत नसेल तर चित्र दिसतं, आवाज येत नाही. जेलीफिन तो आवाज वाटेतच बदलून देतो.

दुसरी वाट सिनॉलॉजी, क्यूनॅप यांच्यासारख्या कंपन्यांच्या तयार नॅसची, म्हणजे नेटवर्कला जोडायच्या डिस्कच्या डब्याची. रिकामा डबाच महाग, डिस्क वेगळ्या घ्याव्या लागतात. दोन डिस्कवर आरशासारखी एकच माहिती राहते, एक बिघडली तरी काम चालतं. पण चुकून पुसलेला फोटो दोन्हीकडून पुसला जातो, तेव्हा वेगळी प्रत तिथेही लागतेच. व्यवसायाच्या फाइली असतील, किंवा रविवार घालवायचा नसेल, तर हे पैसे सत्कारणी लागतील.

आमच्याकडे आता नाटकांची डिस्क राउटरला आहे, फोटो जुन्या लॅपटॉपवर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेते आणि ती डिस्क वायर काढून कपाटात ठेवते.