स्क्रिप्टपर्यंत इव्हेंट पोचवायचा कसा: थेट कॉलबॅक, रांग की कोरूटीन?

आमचं ऑफिस महापेला, आणि आमचं सॉफ्टवेअर ठाणे-बेलापूर रोडच्या दोन्ही अंगाच्या कारखान्यांमध्ये चालतं, म्हणजे पीएलसीकडून (मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर) टेम्परेचर, प्रेशर, टाकीची लेव्हल वाचायची, स्क्रीनवर दाखवायची आणि गडबड दिसली की अलार्म द्यायचा. मेन ॲप सी प्लस प्लसमध्ये आहे. पण प्रत्येक कारखान्याचं गणित वेगळं, एकाला बॉयलर सलग दोन मिनिटं तापलेला राहिला तरच फोन हवा, दुसऱ्याला लगेच हवा, प्रत्येकासाठी वेगळा बिल्ड काढत कोण बसणार, म्हणून आत स्क्रिप्टिंग घातलं, म्हणजे मेन ॲप न बदलता त्याच्या आत चालणारे छोटे प्रोग्रॅम. आता कुणीही हे करायला निघालं की मला पहिलं विचारतात, लुआ घेऊ, पायथन घेऊ की जावास्क्रिप्ट? मला वाटतं हे नंतर विचारायचं. आधी हे ठरवा की ॲपमध्ये काही घडलं (म्हणजे इव्हेंट) तर ते स्क्रिप्टपर्यंत कसं पोचणार आणि कुठल्या थ्रेडवर (ॲपमध्ये एकाच वेळी समांतर चालणाऱ्या कामांपैकी एक). आम्ही आधी भाषा निवडली आणि मग सहा महिन्यांनी सगळी जोडणी उसवून परत केली, तुमचे ते सहा महिने वाचावेत म्हणून एवढं लिहितेय.

थेट कॉलबॅक सगळ्यात आधी सुचतो. स्क्रिप्ट सांगते, लेव्हल बदलली की हे फंक्शन बोलव, तुम्ही ते फंक्शन जपून ठेवता (लुआत रजिस्ट्रीत रेफरन्स ठेवायचा, पायथनमध्ये रेफरन्स काउंट वाढवायचा) आणि घटना घडली की तिथल्या तिथे बोलवता. एका दिवसात चालू होतं, डेमोला झकास दिसतं. आणि याचा एक खरा फायदा आहे जो बाकी दोघांत नाही, तो म्हणजे स्क्रिप्ट लगेच उत्तर देऊ शकते. ऑपरेटरने पंप चालू करायचं बटण दाबलं आणि स्क्रिप्टला ‘टाकी रिकामी आहे, नको’ म्हणायचं असेल तर ते उत्तर त्याच क्षणी हवं, नंतर मिळून उपयोग नाही. (जिवाशी संबंध असलेला इंटरलॉक, म्हणजे धोका असला की मशीन चालूच न देणारी अट, मात्र पीएलसीतच ठेवा, तो स्क्रिप्टच्या भरवशावर कधीही सोडू नका, हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये बोलते.)

त्रास मग सुरू होतो. हँडलरने (बोलावलेल्या त्या फंक्शनने) एक सेटपॉइंट (मशीनला ठरवून दिलेला आकडा) बदलला, त्याने नवा इव्हेंट निघाला, त्याने परत तोच हँडलर बोलावला, आणि हे पहिलं काम अजून अर्धवट असताना. किंवा हँडलरने आतूनच स्वतःचं नाव यादीतून काढलं आणि तुमचा लूप त्याच यादीवरून फिरतोय, की क्रॅश. आणि थ्रेड. आमच्याकडे मॉडबस (पीएलसीशी बोलायची पद्धत) वाचणारा थ्रेड वेगळा, स्क्रीनचा वेगळा, आणि लुआचा एक स्टेट (लुआची एक स्वतंत्र चालू प्रत) एका वेळी एकाच थ्रेडने वापरायचा असतो, तिथे तुमच्यासाठी कुलूप घालून ठेवलेलं नसतं. दोन थ्रेड एकदम घुसले तर लगेच पडेलच असं नाही, तीन दिवसांनी भलतीकडेच पडतं, ते शोधणं फार जिकिरीचं.

आमचे डोळे उघडले ते पावसाळ्यात. रबाळेच्या एका साइटवर लाईट गेली, डिझेल जनरेटर चालू झाला, आणि त्या दोनतीन सेकंदात शेकडो सिग्नल एकदम बदलले, प्रत्येक बदलाला थेट कॉलबॅक, प्रत्येक कॉलबॅकमध्ये स्क्रिप्ट काहीतरी लिहितेय, आणि मॉडबस वाचणारा थ्रेड त्यातच अडकून बसला, म्हणजे नेमकं जेव्हा बघायची गरज तेव्हाच वाचन थांबलेलं. शिफ्ट इनचार्जच्या स्क्रीनवर जुने आकडे, आणि जुने आहेत हे त्यांना कळायची सोय नाही. नुकसान झालं नाही पण मला रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे रांग. ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची लाईन असते तसं, कुठल्याही थ्रेडने यावं, इव्हेंट मागे उभा करावा आणि आपल्या कामाला जावं, आणि इंटरप्रिटरला (स्क्रिप्ट चालवणाऱ्या इंजिनला) हात लावणारा थ्रेड एकच, तो एकेक उचलतो आणि हँडलर बोलावतो. मोठ्या लोकांनीही हेच केलंय. निओव्हिम या एडिटरमध्ये लुआ आहे, तिथे लूपच्या कॉलबॅकमधून एडिटरची बरीच फंक्शन बोलवता येत नाहीत, एरर येतो, शेड्यूल करून मेन लूपवर पाठवावं लागतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पायथन आहे, तिथे दुसऱ्या थ्रेडवरून काही करायचं असेल तर रांगेत टाका आणि टायमरमधून मेन थ्रेडवर उपसा, असाच सल्ला डॉक्युमेंटेशनमध्ये दिलाय.

पण रांग म्हणजे सगळे प्रश्न मिटले असं समजू नका. एक तर हँडलर चालेपर्यंत जग पुढे गेलेलं असतं, म्हणून इव्हेंटमध्ये नुसतं ‘लेव्हल बदलली’ असं न टाकता तेव्हाची व्हॅल्यू आणि वेळ दोन्ही टाका. दुसरं, रांगेला मर्यादा हवी, आणि मर्यादा आली की काय फेकायचं ते आधी ठरलेलं हवं. आम्ही टेम्परेचरसारख्या गोष्टींना एका टॅगचा (म्हणजे एका सिग्नलचा) एकच इव्हेंट रांगेत ठेवतो, नवीन आला की जुन्याच्या जागी बसतो, पण अलार्म लागला आणि अलार्म गेला हे मात्र एकही गाळायचं नाही, त्यांची रांग वेगळी. हा फरक प्रत्येक सिग्नलसाठी प्लांटच्या माणसाला विचारूनच ठरतो, कोड बघून कळत नाही. तिसरं म्हणजे एका स्क्रिप्टने अनंत लूप लावला की मागचे सगळे ताटकळतात. रेडिस या डेटाबेसमध्ये २०१२ च्या २.६ पासून लुआ स्क्रिप्ट चालतात, आणि एक स्क्रिप्ट चालू असताना बाकी सगळे थांबतात, पाच सेकंदांची डिफॉल्ट मर्यादा उलटली तरी सर्व्हर ती आपणहून मारत नाही, नुसतं बाकीच्यांना बिझी सांगायला लागतो. म्हणजे वेळेचा लगाम तुम्हालाच घालावा लागणार.

कोरूटीन, म्हणजे मध्येच थांबून नंतर तिथूनच पुढे चालणारं फंक्शन, हा तिसरा रस्ता, आणि स्क्रिप्ट लिहिणारी माणसं प्रोग्रॅमर नसतील तर मला हाच सगळ्यात आवडतो. आमच्या स्क्रिप्ट प्रोसेस इंजिनिअर लिहितात. त्यांच्या डोक्यात काम असं असतं: व्हॉल्व्ह उघड, लेव्हल साठ टक्के होईपर्यंत थांब, मग दहा सेकंद थांब, मग पंप लाव. कॉलबॅकमध्ये हेच लिहायचं तर तीन-चार हँडलर आणि ‘आपण आता कुठल्या पायरीवर आहोत’ याचे फ्लॅग, आणि एक फ्लॅग चुकला की गेलं. कोरूटीनमध्ये त्या चार ओळी चार ओळीच राहतात, ‘थांब’ म्हटलं की स्क्रिप्ट यील्ड होते (थांबून ताबा परत देते), तुमचं ॲप मोकळं, आणि इव्हेंट आला की ॲप तिला तिथूनच पुढे चालू करतं. ओपनरेस्टी एनजीनेक्स या वेब सर्व्हरमध्ये लुआ असंच चालवतं, लिहिणाऱ्याला सरळ कोड दिसतो आणि खाली सगळं नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे एकामुळे बाकीचे अडत नाहीत.

इथले खड्डे वेगळे. लुआमध्ये मध्ये एखादं सी फंक्शन आलं तर त्याच्या पलीकडे यील्ड करता येत नाही, ५.२ पासून त्यासाठी कंटिन्युएशनची (परत आल्यावर पुढचं काम करणाऱ्या फंक्शनची) सोय आहे पण ती तुम्हाला नीट लिहावी लागते. झोपलेली कोरूटीन कुठेतरी धरून ठेवा नाहीतर गार्बेज कलेक्टर (वापरात नसलेली मेमरी साफ करणारा) घेऊन जाईल. प्रत्येक ‘थांब’ला टाइमआउट सक्तीचा करा, आणि मध्येच प्लांट स्टॉप दाबला तर ‘थांब’ने कारण घेऊन परत यायला हवं. आणि ॲप रीस्टार्ट झालं तर अर्धवट कोरूटीन डिस्कवर ठेवून परत उठवता येत नाही, साध्या लुआत तशी सोयच नाही, त्यामुळे लांबलचक बॅच प्रोसेस असेल तर पायरी स्वतः लिहून ठेवा.

आता भाषा. लुआ १९९३ साली ब्राझीलमध्ये, रिओच्या कॅथलिक युनिव्हर्सिटीत बनली आणि ती बनलीच दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत बसायला, ते जाणवतं. स्टेट इतका हलका की प्रत्येक स्क्रिप्टला वेगळा देता येतो, काउंट हुक (ठरावीक सूचना चालल्या की तुमचं फंक्शन बोलावणारी सोय) लावून अनंत लूप तोडता येतो, मेमरीचा ॲलोकेटर आपला देता येतो. एकच सांगते, लुआ सी म्हणून कंपाइल केली तर एरर आल्यावर लाँगजम्प (मधलं सगळं सोडून थेट मागे उडी) होतो आणि मधले सी प्लस प्लसचे डिस्ट्रक्टर (आवराआवर करणारी फंक्शन) चालतीलच याची खात्री नाही, त्यामुळे घेतलेला लॉक तसाच अडकून राहू शकतो. ती सी प्लस प्लस म्हणून कंपाइल करा.

पायथन येणारी माणसं भरपूर, लायब्रऱ्या भरपूर, आणि तुमच्या युजरला डेटाचं विश्लेषणच करायचं असेल तर मी वाद घालणार नाही. पण इव्हेंटच्या बाजूने जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप) सांभाळावा लागतो. तुमच्या थ्रेडने स्वतःचा म्यूटेक्स (म्हणजे कुलूप) धरून जीआयएलची वाट बघितली, आणि पायथनच्या थ्रेडने जीआयएल धरून त्याच म्यूटेक्सची, की दोघं तिथेच उभे. २०२४ च्या ३.१३ पासून जीआयएल नसलेला बिल्ड मिळतो पण तो डिफॉल्ट नाही. असिंकआयओ (वाट बघणारी कामं सांभाळणारी पायथनची लायब्ररी) वापरलं तर त्याला स्वतःचा इव्हेंट लूप हवा असतो आणि तुमच्या ॲपलाही स्वतःचा, त्यांचं जमवणं हे वेगळंच काम. आणि परक्या माणसाच्या स्क्रिप्टला पायथनमध्ये भरवशाचं कुंपण घालता येत नाही, हे ग्राहकाला आधीच सांगा.

जावास्क्रिप्टवाल्यांना इव्हेंटची सवयच असते, तो मोठा प्लस. आत बसवायला मी क्विकजेएस बघितलं, फॅब्रिस बेलार्ड यांचं, २०१९ मध्ये आलेलं. छोटं आहे, चांगलं आहे, पण भाषेच्या इंजिनमध्ये इव्हेंट लूप नसतो, सेटटाइमआउटसुद्धा ब्राउझर किंवा नोड देतात. माझा एक अख्खा शनिवार यात गेला की हँडलर चालतोय पण अवेटच्या पुढची ओळ येतच नाही, कारण प्रत्येक कॉलनंतर शिल्लक राहिलेले जॉब होस्टने स्वतः चालवायचे असतात आणि ते मी करत नव्हते.

म्हणून तुमचं ॲप आमच्यासारखं असेल, बरेच थ्रेड, बाहेरच्या लोकांच्या स्क्रिप्ट, चोवीस तास चालू, तर लुआ, खाली रांग, वर कोरूटीन, आणि थेट कॉलबॅक फक्त ‘हो की नाही’ विचारायच्या मोजक्या जागांवर, तेही तिथे इव्हेंट काढायला आणि काही लिहायला बंदी घालून. तो कॉलबॅकही स्क्रिप्टच्याच थ्रेडवर चालवा, विचारणाऱ्याने ठरावीक वेळ थांबायचं आणि उत्तर आलं नाही तर ‘नाही’ धरायचं. सगळं एकाच थ्रेडवर असेल आणि स्क्रिप्ट तुमचीच टीम लिहिणार असेल तर थेट कॉलबॅकने सुरुवात करायला हरकत नाही.

काहीही निवडलंत तरी चालू प्लांटवर स्क्रिप्ट बदलायची वेळ येणारच, आणि तेव्हा जुन्या स्क्रिप्टच्या नावाचे इव्हेंट रांगेत पडलेले असतात, जुनी फंक्शन कुठेतरी धरलेली असतात. आम्ही प्रत्येक लोडला एक नंबर देतो, सबस्क्रिप्शनवर आणि इव्हेंटवर तोच नंबर, आणि उचलताना जुळला नाही तर इव्हेंट टाकून देतो पण लॉगमध्ये लिहून. फक्त चालू असलेले अलार्म नवीन स्क्रिप्टला लोड झाल्या झाल्या परत पाठवतो, नाहीतर अदलाबदलीच्या त्या अर्ध्या सेकंदात लागलेला अलार्म तिला कधी कळतच नाही.