मेडिकल कार्ड काढावं की थेट दुकानात जावं? अमेरिकेतल्या पाच राज्यांचा हिशेब

न्यू जर्सीत एकवीस वर्षांवरच्या कुणालाही ओळखपत्र दाखवून दुकानातून गांजा विकत घेता येतो. डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात तोच गांजा फक्त मेडिकल कार्ड, म्हणजे औषध म्हणून गांजा घ्यायचं ओळखपत्र, असलेल्या रुग्णाला मिळतो. आणि न्यू जर्सीत रीतसर बिल देऊन घेतलेली डबी गाडीत टाकून नदीवरचा पूल ओलांडला, तर तो केंद्राच्या कायद्याने गुन्हा ठरतो. उत्तरेला न्यू यॉर्कच्या पुलावरही तेच, जरी तिकडेही विक्री कायदेशीर असली तरी.

त्यामुळे ‘कार्ड काढू का?’ याचं सरसकट उत्तर देता येत नाही. व्हिसा कुठला, राज्य कुठलं आणि आजार कुठला, या क्रमाने ते शोधावं लागतं. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत बहुतेक जण आजारापासून सुरुवात करतात आणि व्हिसाचा विचार सगळ्यात शेवटी करतात, किंवा करतच नाहीत.

आधी पासपोर्ट

तुम्ही अमेरिकेचे नागरिक नसाल, म्हणजे एच-वनवर (नोकरीचा व्हिसा), एच-फोरवर (त्यांच्या कुटुंबीयांचा), विद्यार्थी व्हिसावर असाल किंवा अगदी ग्रीन कार्डवरही असाल, तर माझं मत सरळ आहे: कार्डही नको आणि दुकानही नको. 1970 च्या केंद्रीय कायद्याने गांजा सगळ्यात कडक यादीत टाकला. 2024 मध्ये न्याय खात्याने तो कमी कडक अशा तिसऱ्या यादीत आणायचा प्रस्ताव मांडला. पण यादी बदलल्याने तो ‘नियंत्रित पदार्थ’ असायचा थांबत नाही, आणि इमिग्रेशनचा कायदा बोट ठेवतो ते नेमकं त्याच शब्दांवर.

एप्रिल 2019 मध्ये इमिग्रेशन खात्याने धोरणातच लिहून टाकलं की राज्यात कायदेशीर असलेला गांजाचा व्यवहारही नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगल्या चारित्र्या’च्या आड येऊ शकतो. अटक झालेली असावी, खटला चाललेला असावा, अशी गरज नाही. विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर ‘हो, सिएटलला असताना घेतला होता’ एवढी कबुलीसुद्धा महागात पडू शकते. ग्रीन कार्डच्या अर्जात अमली पदार्थांचा कुठलाही कायदा मोडला आहे का, असा थेट प्रश्न असतो. मग काही जण सुचवतात, ‘कार्ड नको, दुकानातून रोख घे, कागद राहत नाही.’ हा सल्ला साफ चुकीचा. अर्जातला प्रश्न कागद आहे का हा नसून तुम्ही काय केलं हा आहे, आणि तिथे खोटं लिहिलं तर ते प्रकरण गांजापेक्षा जड जातं.

आयटीवाल्यांच्या सहसा ध्यानात न येणारी गोष्ट म्हणजे नोकरी. राज्याचा परवाना असलेल्या गांजाच्या धंद्यात काम करणंही त्या 2019 च्या धोरणात आलेलं आहे. डिस्पेन्सरीला, म्हणजे गांजाच्या परवानाधारक दुकानाला, बिलिंगचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीची ऑफर आली, तर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

आणि आईबाबा. व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेल्या आईचे गुडघे दुखतात, मैत्रीण म्हणते एडिसनजवळच्या दुकानातल्या गमीने (गांजाचा अर्क घातलेल्या चघळायच्या गोळीने) तिच्या सासूबाईंना झोप लागली. दारावरचा माणूस पासपोर्टवरची जन्मतारीख बघून आत सोडेलही. त्याला फक्त वय बघायचं असतं. पण पुढच्या खेपेला प्रश्न विचारणारा माणूस वेगळा असेल. उरलेल्या गमी बॅगेत टाकून मुंबईला नेल्या, तर तिथे अमली पदार्थांविरुद्धचा 1985 चा एनडीपीएस कायदा लागतो, आणि न्यू जर्सीचं बिल त्यापुढे काहीच कामाचं नाही.

फार्मसीतून मिळणारी औषधं

नागरिक नसलेल्या रुग्णाला काहीच मार्ग नाही, असंही नाही. ड्रोनाबिनॉल हे कृत्रिमरीत्या बनवलेल्या टीएचसीचं, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचं, कॅप्सूल 1985 पासून मंजूर आहे. केमोनंतरची मळमळ इतर औषधांनी थांबत नसेल किंवा एड्समध्ये भूक मेली असेल, तर ते देतात. एपिडिओलेक्स हे गांजाच्या झाडापासून काढलेल्या सीबीडी या नशा न आणणाऱ्या घटकाचं औषध 2018 मध्ये मुलांच्या दुर्धर अपस्माराच्या दोन प्रकारांसाठी मंजूर झालं. दोन्ही डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनवर फार्मसीतून मिळतात. डिस्पेन्सरीतल्या मालाला आरोग्य विमा लागत नाही. या औषधांना लागू शकतो. ज्याच्या घरी खरोखर असा आजार आहे त्याने कार्डाच्या आधी डॉक्टरकडे यांचा विषय काढावा. साध्या गुडघेदुखीला किंवा निद्रानाशाला मात्र यांचा उपयोग नाही.

इथून पुढचं सगळं नागरिकांसाठी.

न्यू जर्सी की पेनसिल्व्हेनिया

पेनसिल्व्हेनियात निवड करायला वावच नाही. 2016 च्या कायद्याने रुग्णांसाठी दार उघडलं, पण सर्वांसाठी विक्री नाही, म्हणून कार्ड हाच एक रस्ता. आरोग्य खात्याच्या साइटवर राज्याचं ओळखपत्र घालून नोंदणी, मग मान्यता असलेल्या डॉक्टरकडून यादीतल्या आजाराचं प्रमाणपत्र, मग वर्षाची 50 डॉलर फी. चिंताविकार 2019 पासून यादीत आहे. तिथे फूल, म्हणजे वाळवलेला गांजा, मिळतं, पण पेटवून ओढायला परवानगी नाही, फक्त वाफेने घ्यायचं.

मला या राज्याच्या कार्डात सगळ्यात खटकतं ते गाडीचं. दारू पिऊन गाडी चालवण्याचा तिथला जो कायदा आहे, त्यात रक्तात गांजाचा अंश सापडणं पुरेसं धरतात; नशा चढलेली असायची गरज नाही. कार्डधारकालाही त्यातून सूट नाही. टीएचसीचे अवशेष शरीरात बरेच दिवस राहतात. त्यामुळे रोज गाडी चालवून कामाला जाणाऱ्याने हा विचार फीच्या आधी करावा.

न्यू जर्सीत 21 एप्रिल 2022 पासून सर्वांसाठी विक्री सुरू झाली आणि कार्डाचा हिशेब बदलला. रुग्णाला 6.625 टक्के विक्रीकर लागत नाही, गर्दीत वेगळी सोय मिळते आणि महिन्याला तीन औंसापर्यंत घेता येतं. आता महिन्याला दीडशे डॉलरचा माल घेणाऱ्याचं गणित मांडा: वर्षाला वाचले 119 डॉलर. नोंदणीकृत डॉक्टरची तपासणी खिशातून करायची, विमा देत नाही. त्या फीतच ही बचत बरीचशी जाते. म्हणजे कधीतरी झोपेसाठी एखादी गमी घेणाऱ्याला कार्डाची गरज नाही. कॅन्सरच्या रुग्णाला, रोज मोठा डोस लागणाऱ्याला आणि एकवीसच्या आतल्या रुग्णाला मात्र कार्ड हवंच. घरी झाड लावायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो सोडा. न्यू जर्सीत रुग्णालाही ती मुभा नाही.

वॉशिंग्टन राज्यात कार्डाला खरी किंमत

सिएटलजवळच्या रेडमंड, बेल्व्ह्यूकडच्या मंडळींसाठी चित्र वेगळं आहे. 2012 मध्ये मतदारांनी मान्यता दिली, 2014 मध्ये दुकानं उघडली, आणि राज्याने मालावर 37 टक्के खास कर लावला. त्यावर नेहमीचा विक्रीकर, तो त्या भागात दहा टक्क्यांच्या आसपास. कार्डधारकाला विक्रीकर माफ आहेच, आणि जून 2024 पासून आरोग्य खात्याच्या चाचण्यांत बसणाऱ्या मालावर तो 37 टक्केही माफ आहे. शंभर डॉलर मूळ किमतीमागे सत्तेचाळीसच्या आसपास वाचतात. फक्त पाकिटावर आरोग्य खात्याचं चिन्ह आहे ना, ते बघून घ्यावं. नसलं तर 37 टक्के भरावेच लागतात, आणि सगळी दुकानं असा माल भरपूर ठेवत नाहीत.

कार्डाची पद्धतही मजेशीर आहे. डॉक्टर ठरावीक फॉर्म भरून देतो आणि कार्ड छापून मिळतं ते मेडिकल परवाना असलेल्या दुकानातच, तिथला प्रशिक्षित सल्लागार नाव राज्याच्या नोंदीत चढवतो तेव्हा. घरी सहा झाडं लावायची मुभा मिळते. बिनकार्डाच्या हौशी माणसाला तिथे एकही लावता येत नाही. अडचण आजारांच्या यादीची: कॅन्सर, अपस्मार, असह्य वेदना, पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर राहणारा मानसिक त्रास) अशी ती आहे, नुसत्या चिंतेवर कार्ड मिळत नाही.

कॅलिफोर्नियाबद्दल थोडक्यात. 1996 मध्ये मेडिकल गांजा सगळ्यात आधी तिथे मान्य झाला, पण आज तिथलं कार्ड ऐच्छिक आहे. काउंटीच्या आरोग्य विभागाकडून मिळतं, फी शंभर डॉलरच्या वर नाही, विक्रीकर वाचतो, गांजावरचा खास कर वाचत नाही. फ्रीमाँट-सनीव्हेलच्या बहुतेकांना त्याची गरज पडत नाही. अठरा ते वीस वयाचा रुग्ण असेल तर डॉक्टरच्या शिफारसपत्राचा उपयोग होतो, कारण बाकीच्यांना एकवीसची अट आहे.

डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टन

टेक्ससमध्ये 2015 पासून मर्यादित योजना आहे. सुरुवात दुर्धर अपस्मारापासून झाली, पुढे कॅन्सर, पीटीएसडी वगैरे आले, आणि 2025 च्या कायद्याने जुनाट वेदनाही आल्या. एका डोसात दहा मिलिग्रॅमपर्यंत टीएचसी, पेटवून ओढायला बंदी. योजनेतल्या डॉक्टरने राज्याच्या संगणकीय नोंदीत औषध चढवलं की रुग्ण किंवा त्याचा पालक परवानाधारक डिस्पेन्सरीकडे जातो आणि नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे पाच आकडे सांगून ते घेतो.

योजनेबाहेर मात्र हे राज्य कडक आहे. दोन औंसाच्या आतल्या गांजालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कोलोरॅडोहून सुट्टीवरून आणलेली गमी किंवा व्हेपचं कार्ट्रिज (वाफेने ओढायच्या अर्काची नळी) हा तर गंभीर गुन्हा, एक ग्रॅमच्या आत असलं तरी. आणि गमीत साखर-जिलेटिनसकट अख्खं वजन धरतात. दुसऱ्या राज्याचं कार्ड तिथे ढाल होत नाही.

टेक्ससच्या त्या योजनेत रुग्णाला कार्ड दिलंच जात नाही. त्यामुळे ‘दहा मिनिटांत टेक्सस मेडिकल कार्ड’ अशी जाहिरात फोनवर दिसली, तर क्रेडिट कार्डाचा नंबर टाकायच्या आधी ते नक्की काय विकतायत ते विचारा.