डेबियन १२ (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम) चा इन्स्टॉलर: लॅपटॉपची आख्खी डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट, करण्यासाठी कसा आहे?

पार्टिशनिंगच्या, म्हणजे डिस्कचे भाग पाडण्याच्या पडद्यावर ‘पूर्ण डिस्क वापरा, एन्क्रिप्टेड एलव्हीएम’ (एलव्हीएम म्हणजे डिस्कची जागा लवचीकपणे वाटण्याची सोय) हा पर्याय निवडला की लक्स-२ (लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट करण्याची पद्धत) चं कुलूप, त्याच्या आत रूट (सिस्टिमचा मुख्य भाग) आणि स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा), सगळं आपोआप तयार होतं. हायबरनेट करताना रॅममधला डेटा स्वॅपमध्ये लिहिला जातो; स्वॅपही आतच असल्यामुळे तो उघडा राहत नाही. हे फार मोलाचं आहे.

त्यानंतर इन्स्टॉलर डिस्कवर रँडम डेटा लिहीत बसतो. मोठ्या हार्ड डिस्कला यात काही तास जातात. कोऱ्या डिस्कवर ‘रद्द करा’ दाबलं तरी चालतं, पुढचं काम अडत नाही. जुना डेटा असलेल्या डिस्कवर मात्र ते पूर्ण होईपर्यंत थांबाच.

पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांचा आणि लांब ठेवा, पाच-सहा असंबद्ध शब्दांचा. बूट होताना कीबोर्डचा लेआउट वेगळा निघाला तर @ किंवा # भलतीकडेच जातं, आणि टाइप केलेलं दिसत नसल्यामुळे चूक कळत नाही.

खरी उणीव बूट पार्टिशनची, म्हणजे लॅपटॉप सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फाइल्सच्या भागाची. ते कुलपाबाहेर राहतं आणि जेमतेम ५०० एमबीचं मिळतं. जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा; अपडेटबरोबर त्याची नवी प्रत येते) साठले की अपडेट मध्येच अडकू शकतं. ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ या आज्ञेने जुने काढत राहा.

इन्स्टॉलर हेडरच्या (कुलपाच्या किल्ल्यांची माहिती असलेला डिस्कवरचा भाग) बॅकअपबद्दल चकार शब्द काढत नाही. हेडर बिघडला तर बरोबर पासवर्डही निरुपयोगी. ‘क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप’ या आज्ञेने हेडरची सुमारे १६ एमबीची फाइल पेनड्राइव्हवर घ्या, आणि ‘लक्सअ‍ॅडकी’ने दुसरा पासवर्ड जोडा. लक्स-२ मध्ये पासवर्डांसाठी ३२ जागा असतात.