सोलापूर–मुंबई विमानसेवा : काही महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरात टॉवेल आणि चादरींचा व्यवसाय करणाऱ्याला मुंबईच्या फेऱ्या चुकत नाहीत. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून मुंबईची सेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली, आणि तेव्हापासून कामाच्या बऱ्याचशा फेऱ्या मी विमानानेच करत आलो. याच काळात राज्यातल्या इतर लहान विमानतळांवरूनही जाणे-येणे झाले. हा अभिप्राय एखाद्या कंपनीविषयी नसून सरकारच्या पैशावर आणि देखरेखीखाली उभ्या राहिलेल्या या एकूण व्यवस्थेविषयी आहे.

सोलापूरला धावपट्टी पूर्वीपासून होती. किंगफिशरची विमाने काही काळ येऊन गेली आणि लहान शहरे सवलतीच्या भाड्यात विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेत २०१७ मध्ये मार्गवाटपाची जी पहिली फेरी झाली, तिच्यातही शहराचे नाव होते. तरीही विमान येईना, कारण उतरण्याच्या मार्गात सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी उभी होती. शहराच्या राजकारणात वर्षानुवर्षे गाजलेली ती चिमणी अखेर १५ जून २०२३ रोजी पाडली गेली, नूतनीकरण झालेल्या विमानतळाचे उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ रोजी झाले, आणि पहिली नियमित सेवा, तीही गोव्याची, सुरू व्हायला जून २०२५ उजाडला. ज्यांचा ऊस त्या कारखान्यात जातो त्यांना हा विषय गोड लागत नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे.

सोयीबद्दल माझी तक्रार नाही. विमानतळ शहरालगतच असल्यामुळे घरून उशिरा निघाले तरी चालते, तपासणीची रांग लहान असते, आणि बसची वाट न पाहता प्रवासी विमानापर्यंत चालत जातात. लहान मार्गांवर धावणाऱ्या पंख्यांच्या छोट्या एटीआर विमानात मागच्या दाराने चढावे लागते आणि डोक्यावरचे कप्पे अरुंद असतात. टॉवेलच्या नमुन्यांची माझी पेटी त्यात कधीच मावली नाही, त्यामुळे ती सामानात द्यावी लागते आणि पंधरा किलोंची मर्यादा तिथेच निम्मी संपते. व्यापाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे. वंदे भारत साडेसहा तासांत मुंबईला पोहोचवते आणि विमान तासाभरात. मात्र मुंबई विमानतळावरून काळबादेवीपर्यंतचा वेळ धरला की फरक वाटतो तेवढा राहत नाही.

आता पैशाविषयी. ‘उडान’मध्ये सुमारे तासाभराच्या प्रवासासाठी काही आसनांचे भाडे मुळात २,५०० रुपयांवर रोखले गेले. भाडे आणि खर्च यांतली तूट व्यवहार्यता तफावत निधीतून तीन वर्षे भरून दिली जाते. त्यातला मोठा वाटा गर्दीच्या मार्गांवरील उड्डाणांवर बसवलेल्या आकारणीतून येतो, म्हणजे मुंबई–दिल्ली प्रवास करणाऱ्याच्या खिशातूनच. उरलेला वाटा राज्य देते. शिवाय इंधनावरचा कर एक टक्क्यावर आणणे आणि पोलीस व अग्निशमन सेवा विनामूल्य पुरवणे हेही राज्याकडेच असते. सोलापूर–मुंबईसाठी तर राज्य सरकारने हा निधी स्वतःच्या तिजोरीतून द्यायचे ठरवले. हे अनुदान मला गैर वाटत नाही, कारण एसटीलाही तोट्याचे मार्ग चालवावेच लागतात. प्रश्न आहे तो या पैशाच्या बदल्यात काय मिळते हे कोण तपासतो याचा.

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर सरकारी खर्च तपासणाऱ्या ‘कॅग’च्या (महालेखापरीक्षकांच्या) २०२३ मधील अहवालात आहे. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली, आणि मुदतीनंतरही, मार्च २०२३ पर्यंत, टिकलेले मार्ग अवघे ५४ होते. जळगावकरांना यात नवे काही वाटणार नाही. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांच्याकडे विमान आले, मग थांबले, मग दुसरी कंपनी आली आणि तीही गेली.

राज्यातल्या दुसऱ्या एका विमानतळावर (नाव घेत नाही) माझे उड्डाण त्याच दिवशी सकाळी रद्द झाले. संदेशात कारण होते फक्त ‘ऑपरेशनल’. मोठ्या शहरात अशा वेळी कंपनी संध्याकाळच्या विमानात बसवते. इथे पुढचे विमान दोन दिवसांनी होते. भाडे परत मिळाले, पण टॅक्सीला त्याहून अधिक मोजावे लागले. आयत्या वेळी रद्द झालेल्या तासाभराच्या उड्डाणाची भरपाई नियमाप्रमाणे ५,००० रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती असते, आणि कंपनीच्या आवाक्याबाहेरचे कारण असेल तर तीही मिळत नाही. जिथे भाडेच सवलतीचे आहे तिथे भरपाई आपोआप लहान होते आणि गैरसोय मात्र सर्वांत मोठी असते.

याहून खटकणारी गोष्ट देखरेखीची आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय कंपन्यांच्या वक्तशीरपणाचे आकडे दरमहा प्रसिद्ध करते, परंतु ते मोजले जातात मोजक्या महानगरांच्या विमानतळांवर. सोलापूर, जळगाव, नांदेड येथून सुटायला झालेला उशीर त्या तक्त्यात येतच नाही. विमान वाहतुकीच्या १९३४ च्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. कायदाच नवा झाला आहे, तेव्हा अनुदान घेणाऱ्या प्रत्येक मार्गावर ठरलेली उड्डाणे किती, झालेली किती आणि दिलेला निधी किती, हे दरमहा जाहीर करणे महासंचालनालयाला जड जाऊ नये. ही माहिती कंपनीला निधी देताना सरकारकडे येतेच.

तूर्त माझा सल्ला एवढाच : तारीख पुढे-मागे होऊ शकते अशा कामासाठी ही सेवा खुशाल वापरावी. न्यायालयाची तारीख, मुलाची परीक्षा किंवा परदेशी विमानाची जोड असेल, तर आदल्या रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडावी.