राहोय आणि सांचेझ: नगरपालिकेतून पंतप्रधानपदाकडे दोन वाटा

स्पेनचे माजी पंतप्रधान मारियानो राहोय पायरी-पायरीने चढले. १९८१ मध्ये गॅलिसियाच्या प्रादेशिक संसदेत, १९८३ मध्ये पोंतेवेद्राचे नगरसेवक आणि लगेच प्रांतिक परिषदेचे अध्यक्ष. १९९६ पासून मंत्री. पंतप्रधानपदासाठी २००४ आणि २००८ मध्ये हरले, २०११ मध्ये १८६ जागांसह जिंकले.

पेद्रो सांचेझ यांची वाट समजायला स्पेनची बंद यादी समजली पाहिजे. मतदार पक्षाची यादी निवडतो, उमेदवार नाही. जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक न होता यादीतला पुढचा माणूस आत येतो. २००३ मध्ये माद्रिद महापालिकेसाठी ते तेविसावे होते आणि पक्षाला एकवीस जागा मिळाल्या. २००४ मध्ये राजीनाम्यांमुळे ते नगरसेवक झाले. संसदेतही २००९ आणि २०१३ मध्ये ते असेच बदली म्हणून शिरले. म्हणूनच यादीतल्या क्रमांकासाठी पक्षात एवढी झुंज चालते.

राहोय यांच्या वाटेत जनाधार पक्का होतो, पण वेळ फार जातो. सांचेझ यांची वाट जलद, मात्र पक्षाच्या मर्जीवर टांगलेली. त्यांनी २०१४ मध्ये पक्षसदस्यांच्या थेट मतांनी नेतृत्व मिळवले, ही मला त्यांची खरी झेप वाटते. जून २०१८ मध्ये अविश्वास ठराव १८० विरुद्ध १६९ मतांनी जिंकून त्यांनी राहोय यांनाच हटवले. तेव्हा ते खासदारही नव्हते. स्पेनची राज्यघटना तशी अट घालत नाही.